समुद्राकाठचा रस्ता चालण्याजोगा करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

कोकणातल्या बहुतेक किनारी गावांत समुद्राकडे उतरणारा किंवा समुद्रालगत जाणारा रस्ता मुळात मोटारींसाठी आखलेला नव्हता. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांपलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून एखादी बैलगाडी किंवा डोक्यावर माशांची टोपली घेतलेली बाई सहज जाऊ शकेल एवढी वाट, असे त्याचे मूळ रूप होते. पुढे त्याच वाटेवर डांबर पडले, एसटी आली, आणि पर्यटन वाढले तशा मोटारी, मिनीबस, दुचाक्या, शहाळ्यांच्या हातगाड्या आणि भेळेच्या टपऱ्या या सगळ्यांना त्याच रुंदीत जागा करून द्यावी लागली. गडगे होते तिथेच राहिले आणि वाड्याही हलल्या नाहीत, त्यामुळे या सगळ्या दाटीत ज्याची जागा गेली तो पायी चालणारा माणूस.

पायी चालणारा म्हणजे केवळ पाहुणा नव्हे. शाळेत जाणारी मुले, देवळात निघालेले आजी-आजोबा, पहाटे बंदरावरून परतणारे मच्छीमार आणि दुधाच्या किटल्या पोचवणारा माणूस हेही याच रस्त्याचे रोजचे वापरकर्ते आहेत. शिवाय मुंबई-पुण्याहून मोटारीने आलेला पर्यटक गाडीतून उतरल्या क्षणापासून पादचारीच असतो. समुद्र पाहायला आलेला माणूस गाडीत बसून समुद्र पाहत नाही, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत चालतो, आणि तरीही त्याच्यासाठी केलेली जवळजवळ सगळी व्यवस्था त्याच्या गाडीसाठी असते. ही विसंगती कशी दूर करायची, त्यासाठी कोणकोणत्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यात नेमके कळीचे काय, ते या लेखात समजावून घ्यायचे आहे. माझ्या मते कळीचा निर्णय समुद्राकाठी होतच नाही. तो गावाच्या वेशीवर, गाड्या कुठे थांबवायच्या या प्रश्नापाशी होतो. पण तिथे पोचण्याआधी रस्ता म्हणजे काय याकडे पाहायला हवे.

रस्त्याची दोन कामे

कोणताही रस्ता दोन कामे करतो. एक काम वाहतूक पुढे नेण्याचे आणि दुसरे माणसांना थांबू देण्याचे: बसणे, बोलणे, विकत घेणे, मुलांना खेळू देणे. महामार्ग जवळजवळ पूर्णपणे पहिले काम करतो, तर देवळासमोरचा चौक प्रामुख्याने दुसरे. समुद्राकाठच्या रस्त्याची अडचण अशी की त्याच्याकडून दोन्ही कामांची एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर अपेक्षा केली जाते.

काशीदला हे फार स्पष्ट दिसते. अलिबागहून मुरुडला जाणारा मुख्य रस्ताच तिथे किनाऱ्याला खेटून जातो. मागे फणसाडच्या जंगलाचा डोंगर, पुढे समुद्र, त्यामुळे मुरुडला जाणारी एसटी आणि वाळूत खेळायला निघालेले पोर एकाच डांबरावर येतात. देवबागचे दुखणे वेगळे आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद भूपट्टीवर ते गाव वसलेले आहे. तारकर्लीकडून येणारा रस्ता संगमाच्या टोकाला संपतो, पलीकडे निघायला वाट नाही. तिथे पुढच्या गावाला जाणाऱ्या वाहतुकीचा प्रश्नच नाही, मात्र आत गेलेली प्रत्येक गाडी त्याच रस्त्याने परत येते. गुहागरला समुद्रालगतची वस्ती लांबट आहे आणि तिच्यातून जाणारा गावरस्ता पुळणीला साधारण समांतर असल्यामुळे समुद्राकडे उतरणाऱ्या छोट्या पाखाड्या आणि बोळ हेच खरे चालण्याचे मार्ग ठरतात.

म्हणून पहिला प्रश्न फूटपाथ किती रुंद असावा हा नसतो. या रस्त्यावरून पुढच्या गावाला जाणारी वाहतूक आहे का, आणि असल्यास ती दुसरीकडून वळवता येते का, हे आधी पाहावे लागते. वळवता येत असेल तर किनाऱ्याचा तुकडा बऱ्याच अंशी चालणाऱ्यांच्या स्वाधीन करता येतो. वळवता येत नसेल, काशीदसारखा डोंगर आडवा येत असेल, तर वाहतूक राहू द्यावी लागते आणि तिचा वेग उतरवावा लागतो.

यावर सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे रस्ता रुंद करणे. तो मला चुकीचा वाटतो, आणि त्यामागे केवळ वाड्यांबद्दलचा जिव्हाळा नाही. किनाऱ्यालगत वाढवलेली रुंदी चालत्या गाड्यांच्या वाट्याला फार दिवस येत नाही. पहिल्याच सलग सुट्टीत तिच्यावर उभ्या गाड्यांची रांग लागते आणि मधला वाहता भाग पूर्वीएवढाच उरतो. एरवी, म्हणजे मंगळवारी दुपारी रस्ता मोकळा असताना, हीच रुंदी गाड्यांना अधिक वेग घ्यायला लावते. त्यात येणाऱ्या गाड्यांची संख्या ही काही ठरलेली गोष्ट नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईकराला स्वतःची मोटार बोटीवर चढवून अलिबागला आणता येऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. प्रवास जितका सोपा होतो तितकी माणसे गाडी काढतात, आणि ती सगळी वाढ शेवटी त्याच पाच मीटरच्या गावरस्त्यावर येऊन ओतली जाते.

वेगाचे गणित

गाडीच्या वेगाविषयी आपल्याकडे चर्चा कमी आणि फलक जास्त असतात. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात आठ मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागला असे धरले, तर कोरड्या, चांगल्या डांबरावर ती साधारण १४ मीटरांत थांबते. ताशी ५० किलोमीटरला हेच अंतर सुमारे ३० मीटर होते. समुद्राकाठी डांबरावर वाळूचा पातळ थर कायम असतो आणि टायरची पकड त्याने कमी होते, तेव्हा प्रत्यक्षातले अंतर याहून जास्तच धरावे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेतून बहुतेक पादचारी वाचतात. वेग ५०-६० च्या पुढे गेला की ती शक्यता झपाट्याने घटते. वस्तीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यांसाठी जगभर ३० चा आकडा धरला जातो तो यामुळेच.

पण '३० ची मर्यादा' असा फलक लावल्याने वेग उतरत नाही. चालक फलक वाचून नव्हे, तर समोर दिसणाऱ्या रस्त्याच्या आकाराने वेग ठरवतो. सरळ, मोकळा, रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. रस्ता अरुंद वाटला, कडेला झाडे जवळ आली, पुढचे वळण दिसेना झाले की पाय उचलला जातो. वाहतुकीच्या पट्ट्याची रुंदी तीन मीटरच्या आसपास ठेवणे, कोपऱ्यांची वळणे थोडी आवळणे, लोक जिथे खरोखर रस्ता ओलांडतात तिथे झेब्रा क्रॉसिंगची जागाच फूटपाथच्या उंचीला आणणे, हे सगळे उपाय याच तत्त्वावर चालतात. उंच केलेल्या सपाट क्रॉसिंगवर पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही, त्याऐवजी गाडीला वर चढावे लागते, आणि दोन्ही बाजूंच्या बेताच्या उतारामुळे रुग्णवाहिकेतल्या माणसाची हाडे मोकळी होत नाहीत. आपल्या गावोगावचे गतिरोधक याच्या अगदी उलट असतात: अरुंद, उंच, रंग उडालेले आणि रात्री दुचाकीवाल्याला पाडणारे. ओलांडायच्या जागेशी त्यांचा काहीही संबंध नसतो.

एकेरी वाहतुकीबद्दलही सावध राहावे. कोंडी झाली की 'वन वे करा' ही मागणी लगेच येते, आणि अरुंद रस्त्यावर समोरासमोर अडकलेल्या दोन गाड्या पाहिल्यावर ती रास्तही वाटते. परंतु समोरून काही येणार नाही याची खात्री झाली की चालक वेग वाढवतो. एकेरी केल्यामुळे मोकळी झालेली रुंदी त्याच दिवशी फूटपाथसाठी किंवा झाडांसाठी काढून घेतली, तरच या उपायात पादचाऱ्याचा फायदा आहे.

गाडी कुठे सोडायची

आता मुख्य मुद्द्याकडे. रस्त्याच्या कडेला समांतर लावलेल्या मोटारीला पुढे-मागे करण्यासह सुमारे सहा मीटर लांबी लागते, म्हणजे शंभर मीटर रस्त्याच्या एका बाजूला १६ गाड्या मावतात. गाडीमागे चार माणसे धरली तर ती ६४ माणसे झाली. एवढ्या माणसांच्या सोयीसाठी आपण दोन मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पट्टी दिवसभर अडवून ठेवतो. त्याच पट्टीवर चालायला वाट केली तर एका संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट माणसे तिच्यावरून जातील. रस्त्याबाहेरच्या वाहनतळात आत-बाहेर करण्याची जागा धरून एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. गुंठ्याचे सुमारे १०० चौरस मीटर धरले तर एका गुंठ्यात चार गाड्या आणि एकरात १६० गाड्या उभ्या राहू शकतात. लहान गावाला सर्वसाधारण शनिवार-रविवारसाठी एक-दोन एकर जागा पुरेशी ठरू शकते, आणि ती समुद्रापाशी असण्याची मुळीच गरज नाही.

समुद्रापाशी वाहनतळ करणे हीच खरे तर कोंडीची सुरुवात असते. पुळणीकडे जाणारे बहुतेक रस्ते आंधळे आहेत, म्हणजे पुढे समुद्र असल्यामुळे तिथेच संपतात. जागा मिळेल या आशेने प्रत्येक गाडी शेवटपर्यंत जाते, जागा नाही असे कळल्यावर तिथल्या गर्दीत मागे-पुढे करून वळते आणि त्याच रस्त्याने परत निघते. अशी एक गाडी रस्त्यावर दोनदा मोजावी लागते, आणि वळताना ती जो खोळंबा करते तो तिसरा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या गावांत जी तासन्‌तास कोंडी होते तिच्यात कुठेतरी पोचायला निघालेल्या गाड्या असतात तशाच जागा शोधत फिरणाऱ्याही असतात. त्यांना अरुंद भाग सुरू होण्याआधीच थांबवले, तर आतल्या रस्त्यावरची गर्दी बऱ्यापैकी उतरते. पाहुण्याने पायातल्या चपला पडवीत काढाव्यात आणि मग माजघरात यावे, तशी ही गाडी वेशीवर ठेवायची आहे.

माणसे तिथून चालत येतील का, अशी शंका नेहमी घेतली जाते. सर्वसाधारण चालीने ४०० मीटर अंतर पाच मिनिटांत तुटते. मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर आठ मिनिटे धरू. एवढे अंतर लोक कुरकुर न करता चालतात, मात्र वाटेवर सावली हवी, बसायला जागा हवी आणि मागून हॉर्न वाजता कामा नये. अंतर याहून जास्त असेल तर लहान ई-रिक्षांची ये-जा ठेवावी लागते. रायगड जिल्ह्यातच याचे जुने उदाहरण आहे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीने जावे लागते, तरीही तिथले पर्यटन काही बंद पडलेले नाही. थंड हवेचे ठिकाण आणि मे महिन्यातला किनारा यांत फरक आहे हे मान्य. म्हणूनच सावलीचा मुद्दा शोभेचा नाही. वाटेवरची आंबा-फणसाची आणि भेंडीची जुनी झाडे रस्त्याच्या कामासाठी तोडली, तर चालण्याजोगे काही उरतच नाही.

जागा आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. वाड्या तोडून वाहनतळ करणे म्हणजे ज्यासाठी पाहुणे येतात तेच नाहीसे करणे. पण कोकणातला पर्यटनाचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत असतो, आणि भाताचे मळे नेमके त्याच काळात, भात कापून झाल्यावर मोकळे होतात. ज्या मळ्यांत नंतर वाल, कुळीथ किंवा चवळी घेतली जात नाही असे वेशीजवळचे मळे शेतकऱ्याशी करार करून हंगामापुरते वापरता येतात. त्यावर भराव घालायचा नाही, खडी पसरायची नाही आणि पावसाआधी गाड्यांनी दाबलेली जमीन पुन्हा नांगरून द्यायची, या अटी करारात स्पष्ट असाव्यात. खाडीलगतच्या खारजमिनीचा मात्र विचारही करू नये. भरतीचे आणि पावसाचे पाणी तिथेच पसरते, आणि ती जागा बुजवली की तेच पाणी लोकांच्या पडव्यांत शिरते.

वाहनतळाचे शुल्क कसे लावायचे यातही शहाणपण आहे. काही ग्रामपंचायती पर्यटकांच्या गाड्यांकडून स्वच्छतेसाठी किंवा पर्यटनासाठी थोडी रक्कम घेतात. ती घेणे योग्यच आहे, कारण कचरा आणि शौचालये यांचा खर्च गावाने कुठून करायचा? पण पावती फाडण्यासाठी रस्त्यातच दोरी धरून गाड्या थांबवल्या जातात तेव्हा ती वसुलीच कोंडीचे कारण होते. पैसे वाहनतळात, गाडी लागल्यावर घ्यावेत. वेशीवरच्या तळाचे शुल्क नाममात्र आणि समुद्राजवळच्या मोजक्या जागांचे शुल्क तासागणिक चढते ठेवले, तर फलक न लावताही गाड्या योग्य ठिकाणी थांबू लागतात.

सर्वांना एकच नियम मात्र चालणार नाही. आतल्या वाडीत ज्याचे घर आहे त्याला, ज्याच्या घरी राहण्या-जेवणाची सोय आहे त्याच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला, अपंग व्यक्तीच्या गाडीला, मासळीच्या टेम्पोला, गॅस सिलिंडरच्या गाडीला आत जावेच लागते. मुक्कामी पाहुण्याची गाडी एकदा आत जाते आणि दुसऱ्या दिवशी बाहेर येते, तिने फारसे काही बिघडत नाही. त्रास होतो तो दिवसभरासाठी येणाऱ्या गाड्यांचा. घरटी पास देणे आणि पासाशिवायच्या गाड्या वेशीवर थांबवणे एवढ्याने निम्मे काम होते.

पायाखालची जमीन

भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्णपणे मोकळी असावी, असे म्हटले आहे. १.८ मीटर म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जातील एवढी जागा. विजेचे खांब, झाडांचे आळे, दुकानांच्या पायऱ्या आणि विक्रेत्यांच्या हातगाड्या या रुंदीच्या बाहेर असाव्या लागतात. काठाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि जिथे उतार द्यायचा तिथे तो बारास एक या प्रमाणात असावा, म्हणजे १५ सेंटीमीटर उतरण्यासाठी १८० सेंटीमीटर लांबीचा उतार. प्रत्यक्षात आपल्याकडे गटारावर टाकलेली लादी म्हणजे फूटपाथ, आणि तिच्यातली प्रत्येक चौथी लादी फुटलेली किंवा हलणारी, असा अनुभव येतो. त्यावरून चालण्यापेक्षा लोक डांबरावर उतरतात यात त्यांचा दोष नाही.

आता गडग्यांमधल्या पाच मीटर रुंद रस्त्याला हे माप लावून पाहा. दोन्ही बाजूंना १.८ मीटर दिले तर मध्ये १.४ मीटर उरते, ज्यातून रिक्षासुद्धा नीट जाणार नाही. अशा ठिकाणी फूटपाथ बांधण्याचा हट्ट सोडून द्यावा. काठ न ठेवता संपूर्ण रस्ता एकाच पातळीवर आणावा, त्याचा पृष्ठभाग डांबरापेक्षा वेगळा दिसेल असा करावा आणि त्यावर चालणाऱ्याचा हक्क पहिला, गाडीने चालणाऱ्याच्या मागून चालीच्या वेगाने जायचे, असा नियम ठेवावा. कोकणातल्या वाड्यांमधल्या पाखाड्या कित्येक पिढ्या अशाच वापरल्या गेल्या आहेत. ही पद्धत गाड्या थोड्या असतील तरच चालते. दर मिनिटाला चार-पाच गाड्या येत असतील तर पायी माणूस कडेला ढकललाच जातो, आणि पुन्हा आपण वेशीवरच्या वाहनतळापाशी येतो.

साहित्याच्या निवडीत समुद्र आणि पाऊस दोघांचेही ऐकावे लागते. रत्नागिरी परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गुळगुळीत लाद्यांवर पहिल्या पंधरवड्यात शेवाळ धरते. वाळूच्या भुसभुशीत थरावर नीट कुटाई न करता बसवलेले पेव्हर ब्लॉक एका पावसात खाली-वर होतात. खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडाचे कठडे गंजून त्यांचे पापुद्रे सुटतात. खरबरीत काँक्रीट किंवा नीट घडवलेला जांभा अशा जागी टिकतो. जांभा अवजड गाड्यांखाली झिजतो, पण पायवाटेला तो उत्तम आहे आणि स्थानिक गवंड्याला त्याची दुरुस्ती येते. डोंगरावरून समुद्राकडे येणारे वहाळ मात्र कुठेही अडवू नयेत. नवा रस्ता वहाळापेक्षा उंच झाला आणि मोरी लहान ठेवली, की वाडीत पाणी तुंबते आणि सुपारीची मुळे कुजतात.

समुद्राच्या बाजूला काय करू नये

जागा कमी पडते म्हणून समुद्राच्या बाजूला भिंत बांधून त्यावर फिरण्याचा चौथरा करावा, अशी कल्पना पुष्कळदा मांडली जाते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे चित्र त्यामागे असते. उभी भिंत लाटेचा जोर जिरवत नाही, परतवते, आणि परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते. त्यामुळे भिंत शाबूत राहते पण पुळण हळूहळू खाली जाते, आणि उधाणाच्या भरतीला पाणी थेट भिंतीवर आपटू लागते. पुळणीमागचे वाळूचे उंचवटे आणि त्यांवरची मर्यादावेल हेच किनाऱ्याचे खरे संरक्षण आहे. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातल्या वाड्या आडव्या झाल्या. असा वारा पुन्हा येणार हे धरूनच किनाऱ्यालगत काय बांधायचे आणि काय नाही ते ठरवायला हवे.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत, म्हणजे बोलीत ज्याला सीआरझेड म्हणतात तिच्यात, वाळूचे उंचवटे, कांदळवने आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात धरल्या आहेत. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत (दाट लोकवस्तीच्या भागात काही अटींवर ५० मीटरपर्यंत) नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. तात्पुरती शौचालये, कपडे बदलण्याच्या खोल्या, बसण्याची सोय यांसारख्या गोष्टींना पर्यटन आराखड्यात वाव आहे, पण भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखूनच. परवानगीचे प्रकरण महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाते. ही प्रक्रिया वेळखाऊ आहे, परंतु ती टाळून केलेले काम पुढे न्यायालयात अडकते आणि अर्धवट खांब तेवढे वाळूत उभे राहतात.

दिव्यांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. रात्री घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, उंच पांढऱ्या दिव्यांच्या किनाऱ्यावर ती रस्त्याची होते. म्हणून चालण्याच्या वाटेवरचे दिवे बुटके, पिवळसर, खाली तोंड केलेले आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले असावेत. अशा दिव्यांखाली माणसालाही पायाखालचे चांगले दिसते, कारण डोळे दिपत नाहीत. शोभेच्या रंगीत माळा आणि 'आय लव्ह अमुकतमुक' अशी आठ फुटी चमकती अक्षरे, ज्यांच्यापुढे छायाचित्रासाठी रांग लागून नेमकी चालण्याची वाट अडते, यांच्यावर झालेल्या खर्चात गावाला दोन चांगली शौचालये मिळाली असती.

मच्छीमारांची जागा हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच की होड्या ओढण्याच्या वाटा, जाळी सुकवण्याची आणि रापण ओढण्याची जागा नकाशावर आधी आखून घ्यावी आणि उरलेल्या जागेत पर्यटकांसाठी वाट काढावी. उलट्या क्रमाने काम केले की कोळीवाड्याच्या तोंडाशी कठडा उभा राहतो, आणि पुढच्या हंगामात तो तोडला जातो.

विक्रेते आणि दुकानदार

गाड्या लांब गेल्या की धंदा बुडेल, ही दुकानदारांची भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये, तिचा हिशोब करावा. टपरीसमोर सकाळी दहाला लागलेली मोटार दुपारी चारपर्यंत हलली नाही, तर सहा तासांत त्या जागेने एकाच कुटुंबाची खरेदी दिली. तीच जागा मोकळी असती तर समोरून चालणारी शेकडो माणसे थांबू शकली असती, आणि थांबून विकत घेणारा माणूस पायीच असतो. दुसरीकडे, वाहनतळ आणि किनारा यांच्यामधली वाट कुठून जाते यावर कोणाचे दुकान चालणार आणि कोणाचे नाही हे ठरते, त्यामुळे ती आखणी चार लोकांनी बंद खोलीत करू नये. शहरी भागासाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने समिती नेमून तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे ठेवले आहेत, आणि सर्वेक्षणाआधी कोणाला हटवता येत नाही. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या गावांना ही चौकट थेट लागू पडते. ग्रामपंचायतींनी ती आपणहून स्वीकारायला हरकत नाही.

रस्ता कोणाचा आणि सुरुवात कशी

ग्रामसभेत ठराव झाला तरी रस्ता ग्रामपंचायतीचा असतोच असे नाही. तो राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, इतर रस्ता असेल तर बहुधा जिल्हा परिषदेचा, सुरूचे बन वन विभागाचे, बंदराची जागा सागरी मंडळाची, आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे. एका अर्ध्या किलोमीटरच्या तुकड्यासाठी पाच दारे ठोठवावी लागतात. म्हणूनच करोडोंच्या आराखड्याने सुरुवात करण्यापेक्षा आधी प्रयोग करून पाहणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

त्यासाठी कायद्यात सोय आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप लक्षात घेऊन ठरावीक भागात वाहनांना मनाई करू शकते. मनाई महिनाभराहून अधिक नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की पुरते. पुदुच्चेरीचा समुद्रकाठचा रस्ता रोज संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत वाहनांना बंद असतो. ब्राझीलमधल्या रिओ शहरात कोपाकबानाच्या किनाऱ्याकडची मार्गिका रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्यांना मिळते. पुण्यात महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवते. या तिन्ही ठिकाणी रस्ता तोच राहिला, बदलली ती वेळ. सकाळी मासळी, दूध आणि शाळा यांच्यासाठी रस्ता खुला, आणि दुपारी चार ते रात्री नऊ फक्त पायी, अशी विभागणी कोकणातल्या अनेक गावांना सहज बसेल. अडवण्यासाठी काढता येणारे खांब वापरावेत आणि रुग्णवाहिकेसाठी साडेतीन मीटरची वाट कायम मोकळी राहील हे पाहावे, कारण बुडणाऱ्याला बाहेर काढल्यावर पहिली काही मिनिटेच महत्त्वाची असतात.

प्रयोगाचा काळ निवडताना नाताळचा आठवडा टाळावा. त्या गर्दीत कोणतीही व्यवस्था कोलमडते आणि मग लोक म्हणतात, पाहिलेत ना! जानेवारी-फेब्रुवारीतले साधे शनिवार-रविवार त्यासाठी योग्य. प्रयोगाआधीच्या आणि प्रयोगादरम्यानच्या दोन्ही आठवड्यांत तीच मोजणी त्याच वेळी करावी: वेशीवर किती गाड्या आल्या, त्यांतल्या किती वळून गेल्या, संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर किती माणसे पायी होती, त्यांत लहान मुले आणि चाकाची खुर्ची किंवा काठी वापरणारी माणसे किती, वाहनतळापासून पुळणीपर्यंत पोचायला किती वेळ लागला, आणि एसटी किती उशिरा आली. शाळेतली मोठी मुले ही मोजणी उत्तम करतात. विक्रीचा अंदाज घेताना रस्त्यावरच्या हॉटेलमालकांबरोबरच आतल्या वाडीत कोकम आणि सोले विकणाऱ्या बाईलाही विचारावे, कारण चालणारा माणूस तिच्या दारावरून जातो आणि मोटार जात नाही. हे आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवले की बांधकाम विभागाकडे काय मागायचे आणि किती रुंदीचे मागायचे, हे ठरवता येते.